तातोबा वस्ताद आणि चौथ्या मजल्यावरचा म्हातारा

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगालाही दम खाऊ द्या. आज मी एक प्रश्न घेऊन उभा राहिलोय, आणि त्याचं उत्तर मला तुमच्याकडून पाहिजे.

कादंबरी म्हणजे काय हो? कुणीतरी घरात बसून रचलेली गोष्ट! त्यातली माणसं कधी जन्माला आली नाहीत, कधी मेली नाहीत. आपल्या बाजारभाषेत सांगायचं तर सगळं खोटं. मग मला सांगा – न घडलेल्या गोष्टीनं जित्याजागत्या माणसाचं काय भलं होतं? आणि आपली पोरं असलं काही वाचत बसली, तर तो वेळ वाया गेला का सार्थकी लागला?

मागून कुणीतरी पुटपुटलं – ऐकलं मी! "महाराज, पोरं वाचतात कुठं?" बरोबर. हे आपलं ठरलेलं वाक्य. आताची पोरं वाचत नाहीत, आम्ही फार वाचायचो! तुम्ही काय वाचायचात ते तुमच्या मास्तरांनी सांगितलं असतं. पण मास्तर आता हयात नाहीत, म्हणून तुम्ही सुटलात.

असू द्या. एक हकिकत सांगतो, मग ठरवा.

कागलच्या बाजूला एका गावात तातोबा वस्ताद म्हणून एक पैलवान होते. गावची तालीम त्यांच्या जिवावर उभी राहिलेली. मांड्या अशा, की चालायला लागले की धोतर तक्रार करायचं! आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाठी मातीला लावल्या, स्वतःची कधी लागू दिली नाही. पण मंडळी, देहाचा भरवसा धरू नये. साखर वाढली, रक्तदाब वाढला, दोन्ही किडन्या गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं – डायलिसिस. मंगळवारी आणि शुक्रवारी तालुक्याच्या गावी जायचं, दवाखान्यात मशीनशेजारी पडायचं, अंगातलं रक्त मशीनमधून फिरून साफ होऊन परत यायचं. ज्याची पाठ कुणी टेकवली नव्हती, त्याला आता आठवड्यातून दोनदा पाठ टेकून पडणं आलं.

त्यांना न्यायला-आणायला मुलगा होता, संपत. साखर कारखान्यात कामाला. पाळी बदलून घ्यायचा, बापाला मोटरसायकलवर पुढ्यात धरून बसवल्यासारखा जपून न्यायचा, आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहायचा. बोलणं बेताचं. बाप वस्ताद असला की पोरगं बऱ्याचदा मुकं होतं – आहे का अनुभव?

शेजारच्या पलंगावर हलीमाबी बागवान. बाजारात फळं विकणारी बाई. तिची मुलगी नसरीन कॉलेजात शिकणारी, आईच्या पायथ्याशी स्टुलावर बसायची. बसली की मोबाइल बाहेर! मान खाली, ओठ हलताहेत. वस्तादांनी एक दिवस बघितलं, दोन दिवस बघितलं. मग सिस्टरला ऐकवलं, पण सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा बेतानं, की आई हितं मशीनला बांधलीया आन पोरगी मोबाइलात तोंड घालून बसलीया, काय ही पिढी म्हणायची.

नसरीन गोरीमोरी झाली. हलीमाबी मात्र पडल्या पडल्या हसली.

"चाचा, ती मलाच वाचून दाखवतीय. कादंबरी आहे. तुम्हाला त्रास होत असेल तर हळू वाचायला सांगते."

आता आली का पंचाईत! कादंबरी, आणि मोबाइलात? अख्खं पुस्तकच्या पुस्तक त्या काचेमागं? वस्तादांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मंडळी, तोंड फिरवता येतं. कान नाही फिरवता येत!

गोष्ट होती वैजू नावाच्या एका पोरीची. शहरात स्कूटरवरनं घरोघर पार्सलं पोहोचवणारी. आणि एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारा एक एकटा म्हातारा. तो रोज काहीतरी मागवतो. आज साबणाची वडी, उद्या सुईदोरा, परवा नुसतं पेन. वैजू वैतागते, एकदम मागवायला काय जातं याचं? मग हळूहळू तिच्या ध्यानात येतं, की म्हाताऱ्याला साबण नकोय, सुई नकोय. त्याला दाराची बेल वाजायला हवीय.

बास. एवढ्यावर वस्तादांचं तोंड भिंतीकडनं छताकडं आलं. पुढच्या खेपेला छताकडनं नसरीनकडं आलं. तिला म्हणाले, ह्यात राजा न्हाई, लढाई न्हाई, नुसती स्कूटर आन साबण. असलं लिहितंय कोण? नसरीननं सांगितलं, लिहिणारी तिच्याहून चार वर्षांनी मोठी मुलगी आहे, तिनं स्वतः असली पार्सलं वाटलेली आहेत. मग पोरगी खुलली. आमच्या कॉलेजात एकानं वाचलं की दुसऱ्याला पाठवतो, म्हणाली. ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांचं वसतिगृह असतं ना आजोबा, त्यावर एक नवी कादंबरी आलीय, रडवते. परदेशात गेलेल्या आपल्याकडच्या नर्सची एक आहे, ती हसवते. दोन्ही वाचून दाखवीन.

"आधी हिचं संपू दे," वस्ताद म्हणाले.

हसू नका! पुढचं ऐका.

माणूस बाहेरून गोष्ट ऐकतो, आत त्याचं दुसरंच चाललेलं असतं. वस्ताद खचत चालले होते. मशीनवरनं घरी आले की अंगात त्राण नसायचं. तांब्याभर पाण्यासाठी सुनेला हाक मारावी लागायची. आणि डॉक्टरांच्या हुकमानं पाणीसुद्धा मोजून! एका गुरुवारी संध्याकाळी त्यांनी संपतला समोर बसवलं आणि सांगितलं की उद्या शेवटचं. मंगळवारपासून मी जाणार नाही. तुझी नोकरी माझ्यापायी जायची. मशीनच्या जिवावर जगायला मी काय पिठाची चक्की आहे का?

संपतला कळत होतं त्याचा अर्थ काय. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की मशीन सोडलं तर फार दिवस निघायचे नाहीत. सून पदराआड रडली. संपत म्हणाला, आबा, असं करू नका. तेवढंच बोलला. जास्त बोलायची सवयच नव्हती दोघांना.

मंडळी, म्हातारपणी माणूस मरणाला भीत नाही. ओझं व्हायला भितो. इथं पुढं बसलेल्या पांढऱ्या डोक्यांनी जरा खरं सांगावं – भितो की नाही?

शुक्रवार उजाडला. वस्ताद शेवटचं म्हणून गेले. नसरीन वाचत होती. गोष्ट अशा ठिकाणी आली, की वैजू तापानं आजारी पडते, दोन दिवस कामाला जात नाही. तिसऱ्या दिवशी जाते तर म्हाताऱ्याची मागणीच नाही. तिचा जीव राहत नाही. पार्सल नसताना ती चार जिने चढते. बेल वाजवते. आतून काही नाही. पुन्हा वाजवते. दाराखाली सकाळचं वर्तमानपत्र तसंच पडलेलं –

आणि नसरीननं मोबाइल बंद केला. आईचं मशीन थांबायची वेळ झाली होती.

"पुढं काय झालं?" वस्तादांनी विचारलं.

ती म्हणाली, "मला तरी कुठं माहीत, आजोबा? अम्मीला सोडून पुढं वाचायचं नाही असं आमचं ठरलंय. आता मंगळवारी."

वस्तादांनी मान हलवली. आपल्याला मंगळवार नाही, हे त्या पोरीला कसं सांगायचं? मोटरसायकलवर बसले, घरी आले.

शनिवार गेला. वस्ताद जेवताना थांबायचे, भाकरीचा तुकडा हातात तसाच. सुनेला वाटायचं, दुखतंय कुठं. दुखत नव्हतं. ते त्या दारापुढं उभे होते! स्वतःचीच चीड यायची त्यांना. अरे, कागदावरचा म्हातारा, तोही धड कागदावरचा नाही, काचेवरचा! जगला काय, मेला काय! पण मन मागं हटेना. ते वर्तमानपत्र तसंच का पडलं? म्हातारा पडला असेल का न्हाणीघरात? शेजाऱ्यांना कळलं नसेल? ती पोरगी दार फोडायला लावेल का, का घाबरून निघून जाईल? रविवारी रात्रभर अंगाला सूज, श्वास लागायला लागला. सोमवारी संपत जवळ येऊन बसला, काही बोलायचं म्हणून. वस्तादांनी डोळे मिटून घेतले.

मंगळवारी सकाळी संपतनं गाडी बाहेर काढलीच नाही. कुठल्या तोंडानं काढणार? अंगणात येऊन बघतो तर बाप खांबाला धरून उभा! धुतलेलं धोतर, डोक्याला पटका.

"गाडी काढ."

संपतला खरंच वाटेना. कशाला, म्हणून विचारलं.

"त्या म्हाताऱ्याचं काय झालं ते बघायचं हाय."

संपतला वाटलं, दवाखान्यातला कुणी पेशंट असेल. पण शहाणा पोरगा! कोण म्हातारा, कुठला म्हातारा, काही विचारलं नाही. हातातला तांब्या खाली ठेवला आणि गाडीला किक मारली.

आणि मंडळी, वॉर्डात जाऊन बघतात तर नसरीन नाही! स्टूल रिकामं. वस्तादांचा चेहरा पडला. हलीमाबीनं सांगितलं, तिची परीक्षा आहे. परीक्षेला मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून माझ्याजवळ ठेवून गेलीय, पानसुद्धा काढून दिलंय. पण मला उर्दू थोडं येतं, हे अक्षर लागत नाही. आणि मला तर चाचा, तीन दिवस झोप नाही!

म्हणजे हिचंही तेच! वस्ताद म्हणाले, आण हिकडं. म्हणाले खरे, पण शिक्षण चौथीपर्यंतचं, आणि डोळे साखरेनं अधू झालेले. पेपर वाचणं कधीच सुटलं होतं. सिस्टर आली, तिनं त्या काचेवर दोन बोटं फाकवली, आणि अक्षरं वाढली की हो! एसटीच्या पाटीवर असतात तेवढी झाली. वस्ताद बघतच राहिले. एका हाताला सुई, दुसऱ्या हातात मोबाइल. ज्या वस्तूला शिव्या घातल्या, तीच डोळ्यांपुढं धरली.

आणि वाचायला लागले. अडखळत. जोडाक्षर आलं की दम घेत. समोरच्या पलंगावरचे एक सरकारी नोकर होते, त्यांनी टीव्हीचा आवाज बंद करायला लावला.

वैजू पायरीवर बसून राहते. शेजारी कुणाला काही माहीत नाही. ती कुलूपवाल्याला बोलवायला उठते, तेवढ्यात जिन्यात कुणाचं तरी धापा टाकणं ऐकू येतं. वर बघते – सॉरी, मंडळी – खाली बघते! म्हातारा! कठड्याला धरून एक एक पायरी चढतोय. घामानं निथळलाय. तिला बघतो आणि तिथंच बसकण मारतो. तो सकाळपासून तिच्या ऑफिसचा पत्ता शोधत शहरभर फिरत होता. त्याला विचारायचं होतं, ती पोरगी दोन दिवस आली नाही, बरी आहे ना?

वस्ताद थांबले. हलीमाबी डोळे पुसत होती. वस्तादांना वाटत होतं, की हा म्हातारा दाराआड पडलाय, कुणी येईल म्हणून वाट बघतोय. आणि तो तर दुसऱ्याच्या काळजीनं चार जिने उतरून गेला होता! निकामी म्हणवणाऱ्या म्हाताऱ्याकडनं जगात कुणाला तरी काही हवं होतं. बरी आहेस ना, एवढं विचारणं.

त्यांनी सिस्टरला सांगून संपतला आत बोलावलं. इतके महिने तो पोरगा बाहेर बसत होता, आणि बापानं कधी आत ये म्हटलं नव्हतं.

"संपत, तू भाईर बसून काय करतोस रं?"

संपतला प्रश्नाचा रोख कळेना. "काय न्हाई आबा. मशीनचा आवाज ऐकत बसतो. चालू हाय तवर बरं वाटतं."

वस्तादांनी मोबाइल पुढं केला.

"स्टूल घे. तू वाच आता. मला दिसंना झालंय."

संपत बसला. शाळा सुटल्यापासून त्यानं कारखान्याच्या फलकापलीकडं काही वाचलं नव्हतं. पण वाचलं. बाप ऐकत होता. मध्येच हात लांबवून त्यानं पोराच्या गुडघ्यावर ठेवला, तो तसाच राहिला.

मशीन थांबायच्या वेळेला नसरीन पेपर देऊन आली, तर हे तिघं गोष्टीत तिच्यापुढं निघून गेलेले! भांडली ती. वस्ताद म्हणाले, बस, मी सांगतो काय झालं ते. आणि सांगितलं त्यांनी, असं रंगवून, की आम्ही कीर्तनकारांनी शिकावं!

पुढं वस्ताद मंगळवार-शुक्रवार चुकले नाहीत. वसतिगृहाची गोष्ट झाली, नर्सची झाली. तालमीत पोरं जोर मारून बसली की विचारायचे, नवं काय वाचलंस? नसंल वाचलं तर हे वाच. कधी काळी जो डावपेच सांगायचा, तो आता कादंबऱ्या सुचवायला लागला! आजार गेला नाही, मंडळी. असं खोटं मी सांगणार नाही. पण माणूस परत आला.

तेव्हा न घडलेल्या गोष्टीनं काय होतं, याचं उत्तर तुमचं तुम्ही घरी न्या. मी दुसरंच विचारतो. तुमच्या घरात पोरगं मान खाली घालून बसलेलं असतं. तुम्ही काय म्हणता? "ठेव तो मोबाइल!" आता सगळेच काही कादंबऱ्या वाचत नसतात, अर्धे नुसते नाच बघतात, तेवढं मलाही कळतं. पण उरलेल्या अर्ध्यांना तुम्ही कधी विचारलंत, बाळा, काय वाचतोस? आणि विचारून, उत्तर संपेपर्यंत बसलात?

आत्तासुद्धा – त्या खांबाजवळ लाल ओढणीची एक मुलगी मघापासून मांडीवर मोबाइल धरून बसलीय. अगं, दचकू नकोस! आणि तुम्ही, तिचे वडील ना? हात मागं घ्या. हिसकावू नका. बाळ, उभी राहा. काय वाचतेस?

काय म्हणालीस? भुताची? आणि ते भूत माणसांना भितं?

मंडळी, हसू नका, मला ऐकू द्या. कालच सुरुवात केलीस? आणि कुठवर आलीस?

अहो, तो माईक तिच्याकडं द्या बघू. सरका, वाट द्या तिला. मी आता खाली बसतो, तुमच्यात. बाळ, अगदी पहिल्यापासून सांग.