सायकलच्या मुठीवरचं कुंकू

या निरोपसभेचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सर्वेसर्वा माननीय बबनराव, मुख्याध्यापक महोदय, आजचे सत्कारमूर्ती आदरणीय श्रीकृष्ण उमरकर सर, सौ. काकू, सहकारी बंधुभगिनी, आणि ऊन डोक्यावर घेऊन दारव्ह्यापर्यंत आलेले पालक व विद्यार्थी मित्रहो,

सरांनंतर या शाळेत इंग्रजी शिकवणारी म्हणून दोन शब्द बोलायला मला उभं केलंत, आभारी आहे. मला रोज डायरी लिहायची सवय. या भाषणाचे चार मसुदे तिच्यात लिहिले. चारही गोड होते. वाचले आणि शिसारी आली, सरांची नव्हे, माझी.

सरांचं कोणतं शिकवणं आठवू? दोन कर्मांच्या क्रियापदांचा पॅसिव्ह सर शिकवायचे, तो इथल्या कित्येक बापांनाही पाठ असेल. "दे गेव्ह समीक्षा अ सायकल. कर्मं दोन, एक माणूस, एक वस्तू. कोणालाही पुढे आणा, वाक्य चुकत नाही. वस्तू पुढे आणली तर माणसाआधी 'टू' लावा. पण राजेहो, माणूस पुढे आणायची सवय ठेवा."

समीक्षा आपल्याच शाळेची, नववीतली. सात किलोमीटर चालत येते. इंग्रजीत वर्गात पहिली. कापसाच्या या वाईट वर्षांत आपल्या जिल्ह्यात काहीबाही वाटायला येणाऱ्यांची रीघच लागली आहे. दिवाळीनंतर एक मंडळ आपल्याकडेही आलं. दहा मुलींना सायकली देणार होतं. आली एकच. "बाकीच्या मागून येतात," म्हणाले. मग काय केलं आपण? दहा मुली ओळीने मंचावर चढवल्या आणि त्याच एका सायकलसोबत दहा फोटो काढले.

दुसरं नाव समीक्षाचं होतं. तिची आई मैनाबाई कापूसवेचणीची मजुरी बुडवून आली होती. नवी गाडी घरात येते म्हणून पदरात नारळ, लिंबू, कुंकू बांधून आणलेलं. फोटो होताच पुढे झाली आणि पांढऱ्या मुठीवर कुंकवाचं बोट टेकवलं.

"अवो बाई, कुंकू नोका लावू! अजून आठ फोटो बाकी हायेत," शिपाई ओरडला.

"काहून? पोरीचीच सायकल हाये नं?"

सभागृह हसलं. मीही हसले, हे डायरीत लिहून ठेवलं आहे. शिपायाने फळ्याच्या डस्टरने मूठ पुसली. संध्याकाळी मंडळाची माणसं ती सायकल जीपवर बांधून पुढच्या शाळेत घेऊन गेली. मैनाबाई नारळ न फोडता परत गेल्या.

बबनराव मला म्हणाले, "मॅडम, त्यांच्या देणगीदारांसाठी इंग्रजीत चार ओळी लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं आहे." मी माझ्या सहीने अहवाल लिहून दिला, दहा सायकली मुलींना दिल्या गेल्या. व्याकरणात चूक नव्हती. मुलींची नावंही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरांनी समीक्षाला तेच वाक्य सोडवायला उठवलं. पोरगी म्हणाली, "सर, वाक्य जमते मले. पण सायकल तं भेटलीच नाही." वर्ग हसला, सर नाही. त्यांनी फळा पुसला आणि ते दहाही फोटो मागवून घेतले. तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत प्रत्येक फोटोत मुठीवर तोच पुसट लाल डाग! सरांनी ते फोटो देणगीदारांना पाठवले.

त्यानंतर काय घडलं, हे इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सरांचा दहावीचा वर्ग काढून मला देण्यात आला. मी घेतला. नाही म्हणता आलं नसतं का? आलं असतं.

देणगीदारांचं उत्तर माझ्या नावे आलं. फोटो एक सांगतात, तुमचा अहवाल दुसरं; खरं काय ते लेखी कळवा, सायकली आम्ही थेट मुलींच्या घरी पाठवू. ते पाकीट तीन महिने माझ्या डायरीत पडून आहे. तीन महिने मी ते उघडते आणि मिटते. परवा बाजारात मैनाबाई भेटल्या. म्हणाल्या, "मॅडम, जूनपर्यंत सायकल नाई आली तं पोरीले दहावीत नाई पाठवत. अंधार पडते येता येता."

बबनराव, हात वर केलात, दिसलं मला. संपवतेच.

उत्तर काल लिहिलं. दहा नावांची दहा वाक्यं आहेत, प्रत्येक वाक्य मुलीच्या नावाने सुरू होतं, आणि खाली माझी सही आहे. सर, निरोपाची भेट म्हणून माझ्याकडे एवढंच आहे. नेहमीसारखं लाल पेनाने तपासून द्या. टपाल साडेचारला निघतं, आत्ता पावणेचार झालेत.

शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. या भाषणात काही कमी-जास्त बोलले असेन तर मोठ्या मनाने सोडून द्या. दहा सायकलींच्या त्या अहवालात लिहिलं ते मात्र कोणी सोडू नका.