हिंदुरावची कोरी पाठ

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. आपली लबाडी ज्याला ठाऊक आहे, तो माणूस गप्प बसलाय — तर आपण सुटलो की अडकलो? सुटलो म्हणणाऱ्यांनी हात वर करा! एकही नाही? वा, आज सगळे साधुसंतच जमलेत म्हणायचे. मग ऐका.

हिंदुराव पाडळे नावाचा एक पैलवान. वय बहात्तर. तरुणपणी ना कुठल्या तालमीचा, ना वस्तादाचा, ना कुणा आमदाराचा. पिशवीत लंगोट आणि खिशात एसटीचं तिकीट — जत्रा कुठलीही असो, हा नारळ फुटायच्या आधी हजर! असं त्यानं वीस वर्षं केलं. आणि म्हातारपणी एकच पालुपद, "या पाठीला माती लागली न्हाई." चहाच्या टपरीवर तेच, न्हाव्याच्या खुर्चीत तेच. अहो, मयताला गेला तरी तेच! तिकडं माणूस तिरडीवर आडवा, आणि हा सांगतोय आपण कधी आडवे झालो नाही.

तर हिवरवाडीच्या जत्रा कमिटीनं त्याचा सत्कार ठरवला. आखाड्याच्या कडेला स्टेज, मागं हा एवढा फ्लेक्स — 'अजिंक्य मल्ल'. त्यावर पैलवानाचा फोटो तळहाताएवढा आणि कमिटीचे फोटो परातीएवढे. तुमच्या गावात असलं काही नसतं, मला माहीत आहे! हिंदुराव ऐटीत खुर्चीवर बसला, त्यानं समोर बघितलं, आणि पायावरचा पाय खाली घेतला. पहिल्याच रांगेत दस्तगीर मुल्ला बसला होता.

हा दस्तगीर कोण? सांगतो. पस्तीस वर्षांपूर्वी याच मातीत दोघांची जोड लागली होती. मृदंगवाले, मृदंगावर जरा हलगी वाजवा बघू... अहो, जेवल्यासारखी वाजवा! हां, अशी. अर्धा तास झटापट झाली, आणि दस्तगीरनं ढाक मारली — हिंदुराव चित! दोन्ही खांदे मातीत. पण नेमकं त्याच वेळी गर्दीनं बांबूचा कठडा मोडला आणि पंच तिकडं धावले. ते परत येईपर्यंत हा गडी उठला, मागं मागं सरकत कडेला गेला. तिथं एक आजोबा उभे होते, पांढराशुभ्र सदरा घालून. यानं आपली पाठ त्या सदऱ्याला खसाखसा घासली! घाम, माती, सगळं सदऱ्यावर.

पंच आले. रिवाजाप्रमाणे दोघांच्या पाठी बघितल्या, कारण ज्याच्या पाठीला माती तो हरला. दोघांच्याही कोऱ्या. कुस्ती बरोबरीत सोडवली. दस्तगीरला ओरडता आलं असतं, सदरा दाखवता आला असता. पण पंचांशी हुज्जत घालायची नाही, ही त्याच्या वस्तादाची शिकवण. आणि हिंदुरावला तर वस्तादच नव्हता! त्या एका कुस्तीवर दस्तगीरला मोठ्या मैदानाचं बोलावणं यायचं होतं. ते आलं नाही. तो गावी जाऊन म्हशी सांभाळायला लागला.

आता सत्काराकडं चला. हिवरवाडीत फेटा बांधायचा मान जुन्या जोडीदाराला. निवेदकानं नाव पुकारलं, आणि दस्तगीर काठी टेकत स्टेजवर चढला. हिंदुरावच्या मनात आलं, आता हा माईक घेणार, आणि सगळ्या गावासमोर आपली अब्रू जाणार! दस्तगीरनं शांतपणे फेटा बांधला, शेमला मागं सोडला आणि कानाशी वाकला.

"निवांत बोल पैलवान," तो म्हणाला. "इतकी वर्षं बोललो न्हाई, आता कशाला बोलतोय?"

झालं! मंडळी, शिवी दिली असती तर पचली असती. हे कसं पचायचं? हिंदुराव माईकपाशी गेला, "या पाठीला..." म्हणाला, आणि पुढचं येईना. त्यानं फेटा काढून खुर्चीवर ठेवला. सदरा काढला. बहात्तर वर्षांचा म्हातारा आखाड्यात उतरला आणि मातीत उताणा झोपला! कमिटीला वाटलं, फिट आली. एकानं पोराला कांदा आणायला पिटाळलं. तेवढ्यात हा उठला, आजच्या कुस्त्यांच्या पंचांसमोर गेला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

"बघा," म्हणाला. "त्या दिवशी बघायची राहिली. कुस्ती दस्तगीरची."

दस्तगीरच्या डोळ्याला धार लागली. पाठ झाडायला त्यानं हात पुढं केला, तर हिंदुराव म्हणाला, "राहू दे. घरापर्यंत जाऊ दे." आणि सदरा हातात घेऊन, उघड्या पाठीनं तो एसटीत बसला. सबंध प्रवासात सीटला टेकला नाही.

आता तुम्ही विचाराल, बुवा, तुम्हाला त्या सदऱ्याचं कसं कळलं? अहो, ते आजोबा माझेच! तो सदरा आमच्या घरी न धुता खुंटीला टांगलेला. आल्यागेल्याला दाखवायचो — 'अजिंक्य पैलवानाच्या पाठीची माती'! पाठीला माती होती, तर हा अजिंक्य कसा, असं आमच्या तीन पिढ्यांत कुणी विचारलं नाही. आजोबांना तर समोर दिसलं होतं. पण हिंदुराव पडला आमच्या पाव्हण्यातला, आणि पाव्हण्याचं सगळं पोटात घालायचं असतं. मीही घातलं. परवा हा सत्कार बघून लाज वाटली, तेव्हा सदरा घेऊन दस्तगीरकडे गेलो आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. तो म्हणाला, "धुवून तरी आणायचा."

तर मंडळी, सुटलो की अडकलो? तुमचाही एक दस्तगीर असेल. गप्प असेल. कदाचित आज इथंच, मागं खांबाला टेकून बसला असेल — आत्ता कुणी कुणी मान वळवली, ते मी बघितलंय! आता वळलीच आहे मान, तर उठा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. आरती तोवर थांबेल.