मुंगीकडे बघणारा दिवा

ताई : आणि मुंगी टेबलाच्या डाव्या टोकाला नेलीस की?

धाकटा : की दिवा तिच्याकडे वळतो. झकास वळतो.

ताई : झकास म्हणू नकोस. झकास म्हणजे वर्णन नव्हे, अंग काढून घेणं. काय काय हलतं, कोणत्या क्रमाने, ते सांग.

धाकटा : आधी बूड फिरतं. मग खालचा दांडा पुढे झुकतो, वरचा कोपरात वाकतो, आणि शेवटी मान खाली जाते. चष्मा हरवलेला म्हातारा जमीन चाचपतो ना, तसा.

ताई : हां. आता दिसला मला. मुंगी थांबली की तोही थांबतो?

धाकटा : थांबतो. तू सांगितलंस तसंच केलंय सगळं कॉम्प्युटरवर. दिव्यात हाडं घातली, सांधे जोडले. मुंगीच्या पाठीवर ती न दिसणारी खूण बसवली आणि मानेला ताकीद दिली, की बाई, जन्मभर या खुणेकडेच बघायचं.

ताई : तुझ्या बायकोची ताकीद दिसतेय.

धाकटा : तिची ताकीद असती तर दिव्याने स्वतःला पुसूनही घेतलं असतं.

ताई : चालव पुन्हा. निर्मातीबाईंचा फोन येईल एवढ्यात. दिवा पसंत पडला तर पुढची अख्खी कार्टून मालिका आपल्याकडे देणार आहेत, आणि मी हो म्हणायचं ठरवलंय.

धाकटा : लगेच कशाला? दोन दिवस मागून घे.

ताई : का? डॉक्टर म्हणाले तेव्हा वाटलं होतं, संपलं. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं, कडेकडेचं तेवढं उरतं. अशा डोळ्यांनी कोण काम देणार? पण सायकल झाली, पाळणा झाला, दार झालं. एकही परत आलं नाही. डोळे तुझे, हात तुझे, डोकं माझं. भागीदारी वाईट नाही. मुंगी आता पार कडेला ने आणि उजेडाचं वर्तुळ कसं पडतंय ते सांग.

धाकटा : गोल.

ताई : बारक्या, वर्तुळ गोलच असतं. अख्खं पडतंय का?

धाकटा : अख्खंच म्हणायचं. डावीकडून जरा खाल्ल्यासारखं आहे, पण मुंगी उजेडात आहे ना. काम झालं.

ताई : खाल्लंय कोणी?

धाकटा : शेडची कड येते मध्ये.

ताई : शेडचं तोंड मुंगीकडे असेल, तर तिचीच कड मध्ये कशी येईल?

धाकटा : येत असेल काहीतरी… मॉडेलच तसं असेल.

ताई : मॉडेल मी केलंय, दिसत होतं तेव्हा. ती शेड मी आतून-बाहेरून ओळखते. बल्ब वळवलास तू.

धाकटा : ताई…

ताई : दिव्याचं तोंड भलतीकडे आणि आतला बल्ब तेवढा मुंगीकडे. हो ना? शाळेत पुस्तकाच्या मागचं उत्तर आधी लिहायचास आणि मग गणित त्याला जुळवायचास. पुढे हिशेबनीस झालास, तरी बेरीज जुळली की वर काय लिहिलंय ते बघायचं नाही!

धाकटा : काय करू मग? तोंड मुंगीकडे केलं की शेड उपडी होते. उपडी सुधारली की दिवा मुंगीकडे कान करून बसतो. सगळ्या बाजू करून पाहिल्या. तू बाहेर चहा घेत होतीस, खुशीत होतीस. म्हटलं, उजेड पडल्याशी मतलब.

ताई : मला हाक मारायला काय झालं होतं? तोंड कुठे ते सांगितलं, तसं डोक्याची वरची बाजू कोणती तेही मानेला सांगावं लागतं. नाहीतर ती पिरगळते. एवढंच होतं.

धाकटा : मला कुठे ठाऊक?

ताई : तुला ठाऊक नसणारच. ठाऊक असण्याचं काम माझं होतं. तू मला विचारलंच नाहीस. सांग आता, सायकल?

धाकटा : सायकलचं काय?

ताई : सायकल माझी होती का?

धाकटा : चाकं तुझी होती.

ताई : आणि साखळी?

धाकटा : साखळी दात्यांवर बसतच नव्हती. तू आत गेलीस की मी चित्रागणिक हाताने सरकवायचो.

ताई : दार?

धाकटा : दार उघडताना चौकटीतून आरपार जायचं. मी कॅमेरा थोडा बाजूला घेतला.

ताई : पाळणा?

धाकटा : पाळणा तुझा. आईशपथ, पाळण्याला मी बोट लावलेलं नाही.

ताई : आता हे तरी कसं खरं धरू? नुसती नजर गेली होती तेव्हा मला निदान कळत होतं, की आपल्याला दिसत नाही. तू तेही कळू दिलं नाहीस. कोणतं काम माझं आणि कोणतं तुझ्या दयेचं, हे आता मी कोणाला विचारू? तुलाच?

धाकटा : दया काय म्हणतेस! सायकलच्या आधी, नजर गेल्यावरचं पहिलंच काम परत आलं तेव्हा तू काय केलंस, आठव. आतून कडी घातलीस. जेवण नाही, बोलणं नाही. मी बाहेर उभा राहून दार वाजवत होतो, आणि आत खुर्ची तरी हलतेय का म्हणून कान लावत होतो. एकदा तर हललीच नाही बराच वेळ. मला ते दार परत वाजवायचं नव्हतं, ताई. तू खोटारडा म्हण, हवं ते म्हण.

ताई : …कडी घालायला नको होती मी.

धाकटा : नको होती.

(फोन वाजतो. ताई हाताने चाचपून तो उचलते.)

निर्माती : काय मग, दिवा तयार ना? इकडे सगळे वाट बघतायत. मालिकेचंही मी वरती जवळजवळ पक्कं करून टाकलंय.

ताई : दिवा तयार नाही.

निर्माती : तुमच्याकडून हे पहिल्यांदाच ऐकतेय! मोठं काही?

ताई : दिव्याचं म्हणाल तर छोटं आहे. दुसरं मोठं आहे. मला दिसत नाही, बाई. कडेचं थोडं दिसतं, समोरचं नाही. मी सांगते आणि माझा धाकटा भाऊ करतो. सायकलीची साखळी आणि दार तुम्हाला आवडलं होतं ना? ते त्याने हाताने झाकून नेलं होतं. मलाही आजच कळलं.

निर्माती : हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही.

ताई : माझ्या डोळ्यांचं, हो, हवं होतं.

निर्माती : मला वाईट वाटतंय, खरंच. पण मालिका म्हणजे… मला परत वरती विचारावं लागेल. ते काय म्हणतील ते मी आत्ता सांगू शकत नाही.

ताई : विचारा. गोड करून नका विचारू. आहे तसं सांगा.

निर्माती : आणि दिवा?

ताई : दिवा सरळ करूनच पाठवते. तो कबूल केलेला आहे.

निर्माती : बरं. ठेवते.

धाकटा : सगळं सांगून टाकलंस. निदान मालिकेची सही होईपर्यंत तरी…

ताई : सही मी कशावर करणार होते? तुझ्या झकासवर? बल्ब जागेवर आण आधी.

धाकटा : आणला. आता दिवा भिंतीकडे बघतोय आणि मुंगी अंधारात आहे.

ताई : असू दे. मानेला ती ताकीद लिहिलीयस तिथे जा. तोंड कोणत्या बाजूला दाखवतोय?

धाकटा : लाल बाणाच्या.

ताई : निळ्याच्या कर. आणि खाली डोक्याची वरची बाजू विचारली असेल, तिथे हिरवा. केलंस?

धाकटा : केलं. वळला! शेड वळली, ताई. वर्तुळ अख्खं पडलंय. कुठेही खाल्लेलं नाही.

ताई : नक्की?

धाकटा : नक्की. मुंगीचे पायसुद्धा दिसतायत.

ताई : चालव तिला. टेबलभर हिंडव.

धाकटा : उजवीकडे बरोबर. पुढे बरोबर. मागे… मागेही बरोबर. आता बुडाजवळ आणतो.

ताई : बुडाशी काय होतंय?

धाकटा : काही नाही. म्हणजे… आहे. बुडाशी आली की दिवा गर्रकन उलटा फिरतो. कोपर पाठीकडे मोडतं.

ताई : वाईट दिसतं?

धाकटा : फार वाईट दिसतं, ताई. कोणीतरी हात पिरगळल्यासारखं.

ताई : बरं. मुंगीला मागे घे, आणि अगदी हळू आण. बिघडायला लागेल तिथे थांब आणि मला सांग.