आईजवळ कोण होतं

झेरॉक्सच्या रांगेत माझ्यापुढे बहीणभाऊ उभे होते. भावाने लिहिलेली कथा बहीण वाचत होती.

"शेवटच्या क्षणी आईला भीती वाटली नाही, हे तुला कुणी सांगितलं रे?"

"कथेत चालतं, ताई. पूर्वी गोष्ट सांगणाऱ्याला राजाच्या मनातलं कळायचं, दासीच्याही मनातलं कळायचं. तुला कसं कळलं, असं कुणी विचारायचं नाही."

"आणि आता?"

"आता एकाच माणसाच्या नजरेतून सांगतात. त्याला दिसलं तेवढंच लिहायचं. लेखनवर्गाचे सर म्हणाले, तुझी पद्धत जुनी झाली, बदल."

"मग बदल की."

"तेच करतोय. मी परगावी होतो, म्हणून तुझ्या नजरेतून लिहितो. तू होतीस ना तिच्याजवळ? सांग, काय दिसलं?"

"मी खाली चहा प्यायला गेले होते. पाचच मिनिटं. वर आले तेव्हा सगळं आटोपलं होतं."

"कधी बोलली नाहीस."

"सगळे म्हणत होते, तू होतीस म्हणून बरं झालं. कशी बोलणार?"

"मग खोलीत कोण होतं?"

"कुणीच नाही. तू कथा बदलू नकोस. तो जुना सांगणारा तरी असू दे तिच्याजवळ."