एका घरी दाबलेलं बटण

"बाळाला यंत्राच्या भरवशावर सोडू नकोस," असं सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसले; बाळाचा श्वास अडला की पाळण्याचा गजर वाजतोच. रात्रपाळीहून आलेला नवरा आणि पाळण्यातलं बाळ, दोघांना झोपलेलं ठेवून निघाले. ट्युनिशियातल्या आमच्या स्फाक्स शहरात, टॅक्सीच्या रांगेत माझ्यापुढे दोघं प्रोग्रामर बोलत होते.

"लुत्फी, पाळण्याचा गजर बंद कुणी केला?"

"सिहामताई, एका आईनं. स्वतःच्या घरी."

"मग सगळ्यांचाच कसा बंद पडला?"

"सगळ्या घरांसाठी स्क्रिप्ट एकच चालते. फंक्शनच्या आत 'गजर'च्या आधी 'लोकल', म्हणजे 'त्या घरापुरताच', असं लिहायचं राहिलं."

"म्हणजे तो ग्लोबल झाला! एकीनं बदलला की सगळ्यांचा बदलला. शाब्बास रे दिवट्या! आणि पाळण्यावरचा दिवा?"

"हिरवाच. बाळ गुदमरलं तरी हिरवाच."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

नवरा फोन उचलत नाहीये. तुमच्याही शेजारच्या खोलीत बाळ झोपलं असेल, तर आधी उठा, त्याचा श्वास बघून या.