डाव्या हाताची गाठ

हो, तेच बटण – ‘उत्तर द्या’. ते दाबलं आणि बहिणीला लिहिलेलं पत्र तीनशे चाळीस जणांकडे गेलं. कळलं हो, कळलं – त्या ई-मेल यादीची रचनाच तशी आहे, यादीवरच्या कुठल्याही पत्राला उत्तर दिलं की ते परत यादीवरच जातं, मग लिहिणारी माझी सख्खी बहीण का असेना. आणि तुम्ही असं काहीतरी करणार की उत्तर फक्त लिहिणाऱ्याला जाईल. लेकीने त्यासाठीच धाडलंय ना तुम्हाला? बसा. तो पुठ्ठा जरा सरकवा, खळ ओली आहे, पँटला लागेल.

एवढं काय लिहिलं होतं? सांगते की – तीनशे चाळीस जणांनी वाचलंय, तुम्ही आणखी एक. यादी पुस्तकं बांधणाऱ्यांची. आमचे हे त्यात सगळ्यांचे ‘मास्तर’. जाऊन तीन महिने झाले, तेव्हापासून रोज कोणी ना कोणी त्यांच्या शिवणीचे गोडवे गातंय. आता म्हणे नव्या हातपुस्तिकेत तिला ‘मास्तरांची शिवण’ असंच नाव देणार. बहीण कागद विकते, म्हणून तीही यादीवर – तिने लिहिलं, वाचून ऊर भरून आला. मी उत्तर दिलं – ‘ताई, ऊर कसला भरून येतोय? बारा वर्षं यांचे हात कापत होते, सुईत दोरा ओवता येत नव्हता. ती शिवण माझी आहे.’ बस्स, एवढंच.

खोटं आहे का? हे पुस्तक घ्या. कण्याच्या आत बघा – गाठ कुठल्या बाजूला? डावीकडे. मास्तर गाठ उलट्या बाजूला का मारतात यावर यादीवर वर्षानुवर्षं काथ्याकूट चाललाय! एक म्हणतो त्याने कण्यावरचा ताण कमी होतो, दुसरा जुन्या पोथ्यांचे दाखले देतो. अहो, कसला ताण अन् कसल्या पोथ्या – मी डावखुरी आहे! आम्ही दोघं वाचून पोट धरधरून हसायचो. मी म्हणायची, आता तरी सांगून टाका त्यांना, लिहू का? हे म्हणायचे, पुढच्या वेळी. मी आपली कीबोर्डवर बोटं ठेवून बसलेली – यांना कुठे टाइप करता येत होतं, हात हे असे. यांची सगळी उत्तरं मीच लिहायची, खाली ‘मास्तर’ म्हणून सहीसुद्धा मीच...

असं काय बघताय?

हो, याच यादीवर. बारा वर्षं. हेच बटण.

बरं, माहीत होतं मला! झालं समाधान? वर यादीचा पत्ता दिसत होता. चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि मग दाबलं. रागावले नव्हते यांच्यावर – खोटं कशाला बोलू, रागावले होते. अजून आहे. माणूस जिवापाड आवडतो म्हणून राग येत नाही असं थोडंच आहे? एकदाच सांगायचं होतं त्यांनी – ‘लिही, हिची आहे म्हणून.’ पुढच्या वेळी, पुढच्या वेळी करत निघून गेले.

आणि हा लेकीने लिहून दिलेला कागद – ‘दुःखाच्या भरात चुकून गेलेले पत्र, कृपया दुर्लक्ष करावे.’ तुमचं काम झालं की हे पाठवायचं म्हणे. बाबांची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस म्हणते. यांना भरवलं, यांची बटणं लावली, यांच्या पुस्तकांचे फर्मे, पानांचे जुडगे, शिवले, त्यातलं काहीही चुकून केलं नव्हतं मी. हेही नाही.

तेव्हा हात लावू नका. उत्तर यादीलाच जाऊ दे. ‘नक्की पाठवायचं का’ विचारणारी ती पाटीही नको, नक्कीच पाठवायचंय. लेकीला काय सांगू म्हणताय? काही सांगू नका – तीही आहे यादीवर, तिला मिळेलच पत्र.

एक मात्र करा. पाठवणाऱ्याच्या नावाची ती चौकट उघडा. अजून ‘मास्तर’ आहे ना तिथे? खोडा ते. खोडलंत? आता उठा, मला खुर्ची द्या. नाव मी घालते.