हेड गॅस्केट बसवताना झालेल्या आरडाओरड्याबाबत

जबाब देणार: घरात वहिनी, गल्लीत शिवणकामवाल्या काकू. वय पंचावन्न. धंदा शिवणकाम, त्यातही जास्त करून दुसऱ्यांनी बिघडवलेलं उसवून नीट करणं. राहणार गल्लीच्या टोकाचं निळ्या फाटकाचं घर.

मला ठाण्यात बोलावल्यावरून मी आले आहे. विचारलं त्याबद्दल जे पाहिलं आणि ऐकलं तेच सांगते, ते असं:

घरात मी आणि माझे पती, छापखान्यातून निवृत्त, असे दोघंच राहतो. माझे दीर पंपदुरुस्ती करतात, पलीकडच्या रस्त्याला राहतात. हे दोघे सख्खे भाऊ असून सासरे वारल्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत. सासरे दवाखान्यात होते तेव्हा दीर कामासाठी बाहेरगावी होते आणि यांनी त्यांना कळवलं नाही. ते आले तेव्हा सगळं उरकलं होतं. दिरांनी एकदाच विचारलं, "का?" हे उठून बाहेर निघून गेले. तेव्हापासून मधला निरोप्या मी. तक्रार म्हणून सांगत नाही, पण या कामाचा पगार मिळत नाही.

गेल्या महिन्यात आमची जुनी गाडी तापायला लागली. पाणी भरलं की कमी व्हायचं आणि खाली तर थेंब सांडलेला नसायचा. मागून पांढरा धूर यायचा. यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि जेवताना जाहीर केलं, "हेड गॅस्केट उडालंय." म्हणजे काय विचारलं तर म्हणाले, इंजिनाचा खालचा भाग आणि वरचं हेड यांच्यामध्ये एक पातळ थर असतो, तो फाटला की पाणी तेलात जातं. मी म्हटलं, "अस्तर फाटलं म्हणा की." तर म्हणे, "तुला जिकडे तिकडे शिवणच दिसतं." पण तेलाचं झाकण उघडल्यावर आत दुधाळ चिकटा निघाला, तेव्हा यांचं म्हणणं बरोबर होतं. हे मी त्यांच्या तोंडावर कबूल केलेलं नाही.

गॅरेजला द्यायचं सोडून यांनी घरीच इंजिन उघडायला घेतलं. मी दिरांना फोन केला, "भावजी, तुमचे बंधू इंजिन खोलतायत." ते "अरे देवा" म्हणाले आणि पान्यांची पेटी घेऊन आले. फोन मी केला तो गाडीसाठी केला की दुसऱ्या कशासाठी, असं इथल्या ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं. गाडी तर कोणीही दुरुस्त करून दिली असती.

त्यानंतर दर रविवारी दीर यायचे. बॉनेटच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा. "वहिनी, त्यांना सांगा, आधी पाणी काढून घ्या." "त्याला सांग, मला कळतं." दोघांमध्ये हातभर अंतर होतं. एकदा मी मुद्दाम उलटा निरोप दिला. दोघांनीही जे मुळात बोललं गेलं होतं तेच केलं. म्हणजे कान शाबूत होते. माझ्या स्वयंपाकघरातली सगळी ताटं नटबोल्टांनी भरली होती आणि आम्ही वाटीत जेवत होतो.

घटनेच्या दिवशी हेड लेथवाल्याकडून सपाट करून आणलं होतं, नवं गॅस्केट बसवलं होतं. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, ठरलेल्या क्रमानेच आवळायचे असतात. नाहीतर हेड एका अंगाला दबतं. तो क्रम गाडीच्या पुस्तकात बघून मी मोठ्याने सांगणार आणि ते दोघं आवळणार, असं ठरलं. मी पहिला नंबर सांगणार तोच एक बाई पँटची उंची कमी करायला आल्या. मी म्हटलं, "थांबा, आलेच." आत जाऊन खुणा करून परत येते तो सगळे बोल्ट आवळून झालेले. एकाने या टोकाकडून सुरुवात केली होती, दुसऱ्याने त्या टोकाकडून. दिरांना वाटलं, यांनी पुस्तक वाचलंय. यांना वाटलं, भावाला माहीत असणार. विचारलं कोणीच नाही, कारण विचारायला मी नव्हते.

गाडी सुरू केली. थोडा वेळ झकास चालली. मग असा धूर आला की शेजारच्या निवृत्त साहेबांच्या दोरीवरचे कपडे दिसेनासे झाले. ठाण्यात तक्रार त्यांनीच केली, त्यांचा राग मला मान्य आहे.

तेव्हा माझे पती ओरडले, "अक्कल गहाण ठेवलीस का? टोकाकडून आवळतात?" माझ्याकडे न बघता, सरळ भावाकडे बघून. दीर म्हणाले, "दादा, तुला तोंड नव्हतं विचारायला?" मी हातातली कात्री खाली ठेवली. हे म्हणाले, "जीव घेईन तुझा." हे शब्द उच्चारले गेले, खरं आहे. तक्रारीत लिहिलंय की त्या वेळी यांच्या हातात लोखंडी पाना होता. ते चूक आहे. पाना दिरांच्या हातात होता, यांच्या हातात फडकं. धमकी एकाची, पाना दुसऱ्याचा. शेजाऱ्यांनी दोन्ही एकाच्या नावावर लावलं. तुम्ही जप्त केलेला तो पाना लेथवाल्याकडून उसना आणलेला आहे, परत मिळावा.

पुढचं बोलणं गाडीचं नव्हतं. दीर म्हणाले, "तेव्हाही तोंड नव्हतं तुला. बाबा गेले, आणि मला एक फोन नाही." आवाज मोठा होता, गल्लीत ऐकू गेला असणार. हे त्याहून मोठ्याने म्हणाले, "मला वाटलं उठतील! डॉक्टर काही का म्हणेनात, मला वाटलं घरी नेऊ आणि मग तुला सांगू. मलाच पटत नव्हतं, तुला काय सांगणार होतो?" मग हे पायरीवर बसले. दीर उभेच होते. म्हणाले, "एवढंच सांगायचं होतंस ना, मूर्खा." थोरल्या भावाला मूर्ख म्हणणं बरं नव्हे, पण मी अडवलं नाही. मला रडू येत होतं. त्याच वेळी तुमची पोलिसांची गाडी आली.

मारहाण झाली नाही. कोणाला लागलेलं नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

साहेब म्हणाले, यापुढे आरडाओरडा करणार नाही असं दोघांकडून लिहून घेतो. तसं लिहून घेऊ नये, अशी माझी विनंती आहे. लिहून घ्यायचंच असेल तर एवढंच घ्या, की जे काय ओरडायचं ते दोघांनी समोरासमोर ओरडावं. माझ्यामार्फत नको.

हा जबाब हवालदारबाईंनी मला सावकाश वाचून दाखवला. शेवटचं वाक्य खोडू का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. सगळं मी बोलले तसंच आहे, म्हणून खाली सही करते.